चार नट आणि अकरा बावीसचा मुहूर्त

परवा गाडी सर्व्हिसिंगला टाकली. पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, दीड तास लागेल." मी म्हणालो, "दोन घे. मी बसतो इथेच." त्याने मान वर करून असं पाहिलं, जणू मी होऊन बिल वाढवून मागितलंय. सौ. शेजारी उभी होती. ती नुसती हसली. तिला कारण माहीत आहे. निदान अर्धं तरी.

उरलेलं अर्धं आज लिहितोय. इथे येणाऱ्या ब्लॉगर मित्रमंडळींना ही गोष्ट नवीन आहे. पण आमच्या घरचेही गुपचूप वाचत असतात आणि त्यांना ती पाठ आहे, कारण दर लग्नात, पंगतीत बुंदी येईपर्यंतच्या वेळात मी ती सांगतो. तर मंडळी, गेली वीसेक वर्षं मी ती जरा सोयीने सांगत आलोय.

आधी नेहमीची आवृत्ती.

२००६ चा मे महिना. आत्याच्या धाकटीचं लग्न, पुसदला. मुहूर्त सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांचा. पत्रिकेवर असा मिनिटापर्यंतचा हिशोब छापलेला असला की माणूस उगाच धास्तावतो. आमच्याकडे तेव्हा मारुती ८०० होती. पांढरी, सेकंडहँड, पण आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी, त्यामुळे तिचा मान मोठा. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ब्रेक दाबला की पुढून घासल्याचा आवाज यायला लागला. यवतमाळात आमचा ठरलेला मिस्त्री होता. टिनाचं शेड, बाहेर कडुनिंब, निंबाखाली दोन उघडी इंजिनं आणि एक बाकडं. संध्याकाळी त्याच्याकडे गाडी नेली, त्याने दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, रात्री आठ-साडेआठला गाडी घरी आली.

सकाळी साडेसहाला निघालो. मी, सौ., आई, मावशी आणि मागच्या सीटवर मांडीवर-मांडी करून दोन पोरं. डिकीत आहेराचे डबे. दारव्हा रोडला लागलो. त्या रस्त्याच्या सोबतीने शकुंतलेचा रूळ दिसतो. तेव्हा ती अजून धावत होती. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत या मुलखात चाललं, आणि आमची गाडी एका रात्रीत खिळखिळी झाली. (हे वाक्य मी दर वेळी टाकतो, लोक हसतात.)

गाव सोडल्यावर स्टेअरिंग किंचित थरथरायला लागलं. रस्त्याला नावं ठेवली. मग खट्... खट्... असा आवाज. सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी वाजतंय." मी म्हणालो, "डिकीतले डबे असतील." आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत होता, कमी होत होता. डबे असं करत नाहीत, हे कळायला मला आणखी आठ-दहा किलोमीटर लागले. लाडखेडच्या पुढे स्टेअरिंग हातात मावेना, तेव्हा गाडी बाजूला घेतली. उतरून पाहतो तर पुढच्या डाव्या चाकाला चारपैकी तीनच नट, आणि तिन्ही बोटांनी फिरताहेत!

एक काळीपिवळीवाला थांबला. खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, अजून दोन किलोमीटर गेले असते तं चाक तुमच्या म्होरं पळालं असतं." मागच्या सीटवर मावशी पोरांना रामरक्षा म्हणायला लावत होती. त्या भल्या माणसाने मागच्या चाकाचा एक नट काढून पुढे लावायला घेतला. पण एका बोल्टाचे आटे इतके झिजले होते की नट त्यावर चढेना. शेवटी तीन नटांवर, बैलगाडीच्या चालीने आम्ही दारव्हा गाठलं.

इथे मी थांबतो आणि म्हणतो, "काय सांगायचं या मिस्त्री लोकांना! नट आवळायचं विसरतात!" सगळे माना डोलावतात. मग बुंदी येते.

दारव्ह्याच्या कारागिराने मला त्या सकाळी जे दाखवलं, ते गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. आपल्याला वाटतं चाक बोल्टांवर टांगलेलं असतं. तसं नसतं. नट नीट आवळले की चाक मागच्या हबवर घट्ट दाबून बसतं, आणि त्या दाबामुळेच ते जागचं हलत नाही. दाब कमी झाला की चाक हबवर घसरायला लागतं, दर फेऱ्याला बोल्टाला हिसका देतं. त्या हिसक्यांनी नट आणखी सैल होतात, बोल्टाचे आटे झिजतात, चाकाची गोल भोकं लांबट होतात. म्हणजे बिघाड एकदा सुरू झाला की स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. त्याने माझ्या चाकाची दोन भोकं दाखवली. शेंगदाण्यासारखी झाली होती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाडी जॅकवर असते तेव्हा नट पूर्ण आवळता येत नाहीत, कारण चाकच पान्याबरोबर फिरतं. म्हणून हवेत असताना चारही नट नुसते बसवून घ्यायचे, गाडी खाली उतरवायची, चाक जमिनीवर टेकलं की मग पाना लावून समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. खरं काम त्या शेवटच्या दोन मिनिटांत होतं. आणि गंमत अशी, की ती दोन मिनिटं झाली की नाही हे बघून कळत नाही. चाक लागलेलं असतं, नट चारही जागेवर असतात, गाडी आपल्या चाकांवर उभी असते. काम झालेलं दिसतं.

आता उरलेलं अर्धं.

आदल्या संध्याकाळी साडेसातला लाइन गेली. तेव्हाचं लोडशेडिंग आठवत असेल. मिस्त्रीने हाताखालच्या पोराला बॅटरी धरायला बसवलं आणि काम चालू ठेवलं. मी बाकड्यावर बसलो नाही. मी त्याच्या डोक्याशी उभा राहिलो. मला टेलरकडून ब्लाउज आणायचे होते, आठच्या आत. दर तीन मिनिटांनी मी विचारत होतो, "झालं का?" तो एकदा म्हणाला, "काऊन घाई करून राह्यले साहेब, ब्रेकचं काम हाये." मी म्हणालो, "अरे, लग्न आहे उद्या." जणू मारुतीच्या ब्रेकला पत्रिका द्यायची राहिली होती.

दुसरं चाक चढलं. त्याने जॅक उतरवला, उठला आणि आत गेला. मी समजलो, संपलं. पैसे आधीच ठरले होते, ते मी बाकड्यावर पान्याखाली दाबून ठेवले, किल्ली गाडीलाच होती, बसलो आणि निघालो. मागून हाक आली, "साहेब, थांबा!" आरशात तो दिसला. दोन-चार पावलं पळाला. हातात काहीतरी होतं. मला वाटलं, पैशांत काही कमीजास्त झालं असेल, नंतर बघू. मी खिडकीतून हात हलवला.

त्याच्या हातात लांब दांडीचा पाना होता. हे तेव्हा मला दिसलं होतं की नंतर आठवताना दिसायला लागलं, ते आता वेगळं करता येत नाही. हाक मात्र नक्की ऐकली होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. उलट लग्नाहून परतल्यावर गॅरेजवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला वाट्टेल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "साहेब, मी हाक मारली होती." मी म्हणालो, "हाका कसल्या मारतोस, काम नीट करायला काय होतं?" घरी आलो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, लग्नाच्या दिवशी सकाळी तुझा मिस्त्री सायकलवर आला होता. सात वाजले असतील. तुम्ही निघून गेला होता. बराच वेळ फाटकाशी उभा होता बिचारा."

एवढं कळल्यावर तरी मी परत जायला हवं होतं. गेलो नाही. शिवाय मावसभाऊ, सासरे, ऑफिसातले दोघे-तिघे, सगळ्यांना "त्या माणसाकडे गाडी देऊ नका" असं सांगून मोकळा झालो होतो, आणि ते मागे घेणं जिवावर आलं. दोनेक वर्षांनी त्या शेडच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान आलं. माझ्या सांगण्याने त्याचं गॅरेज बंद पडलं इतका काही मी मोठा नाही. पण माझा त्यात वाटा शून्य होता, असंही म्हणवत नाही.

तर माझं म्हणणं हे, की गॅरेजातल्या चुकांना आपण सरसकट "अडाणीपणा" म्हणतो ते खरं नाही. अडाणी माणूस पॅड उलटे बसवेल, भलतंच ऑइल टाकेल. त्याच्या चुका बहुधा लगेच उघड होतात. जीव घेऊ शकणारी चूक पुष्कळदा जाणत्या माणसाची असते. त्याला पुढची पायरी पक्की माहीत असते, पण त्या पायरीआधी कुणीतरी त्याला तोडतं. फोन येतो, दुसरं गिऱ्हाईक हॉर्न वाजवतं, लाइन जाते, किंवा माझ्यासारखा एखादा लग्नघाईतला गृहस्थ गाडीच घेऊन पळतो.

याला मोटार-मेकॅनिकच हवा असं नाही. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सतरा हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच उडून गेली आणि मुख्य वैमानिक कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढला गेला. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउथहॅम्पटनला विमान उतरवलं. सगळे वाचले, तो वैमानिकसुद्धा! ती काच आदल्याच दिवशी पहाटे बदललेली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने कमी होते आणि उरलेले ६ लांबीला. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून पाळीच्या प्रमुखानेच काम अंगावर घेतलेलं. जुना बोल्ट हातात धरून, पुस्तक न उघडता, अंधुक उजेडात नजरेने नवे बोल्ट जुळवलेले. अनुभवी माणूस होता तो. काम दुसऱ्याने तपासावं असा त्या काचेच्या बाबतीत नियमच नव्हता. चाक लागलेलं दिसतं, काच बसलेली दिसते. अंधारात तर जास्तच दिसते.

आणि आपल्या जिल्ह्यातली फुलसावंगीची गोष्ट. महागाव तालुक्यातलं हे गाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं. तिथल्या विशीतल्या एका वेल्डरने दोन वर्षं खपून एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं. शाळा आठवीपर्यंत. बाकीचं शिक्षण यूट्यूबवर आणि स्वतःच्या हाताखाली. त्यात इंजिन कुठलं बसवलं होतं? मारुती ८०० चं. बातमी वाचताना मी तिथेच अडलो. आमच्या पांढरीचंच भावंडं ते. १५ ऑगस्टला सगळ्यांना दाखवायचं त्याच्या मनात होतं. त्याआधी काही दिवस, रात्री, त्याने जमिनीवरच इंजिन चालू करून चाचणी घेतली. शेपटीकडच्या पंख्याचं पातं तुटलं, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं, आणि त्या पंख्याचा घाव त्याच्या डोक्याला बसला. पोरगा गेला.

तो घाईत होता असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं रोज थोडं थोडं करणाऱ्याला घाईचा म्हणता येत नाही. आणि त्याला वेडा ठरवणाऱ्यांचा तर मला रागच आला होता. पत्र्यातून आणि पाइपातून पंखा फिरवून दाखवणारा हात आपल्याकडे किती जणांना असतो? मला डाचतं ते वेगळं. अशा माणसाला आपण बघे लोक एकच प्रश्न विचारतो, "उडणार कधी?" पातं कशाचं आहे, किती फेऱ्यांना टिकेल, चाचणीच्या वेळी माणूस पंख्यापासून किती लांब उभा राहील, हे विचारणारं कुणी भोवती असावं लागतं. जिथे कारखाने असतात, तिथे त्यासाठी पगार देऊन माणूस ठेवतात. आपल्याकडे लोक मोबाइलवर फोटो काढतात आणि पंधरा ऑगस्टची वाट बघतात. मीही फुलसावंगीत असतो तर "कधी?" हेच विचारलं असतं. माझा इतिहास तुम्ही वर वाचलाच आहे.

घाईची किंमत गाडीत बसणाऱ्यापेक्षा गाडीखाली शिरणाऱ्याला जास्त पडते, हेही आपण सोयीने विसरतो. कुठल्याही हायवेवर बघा. गाडी नुसत्या जॅकवर उचललेली, आधाराला एखादी वीट किंवा दगड, आणि खाली पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं अर्धं आत. गाडीखाली स्टँड लावायला दोन मिनिटं लागतात. लोखंडी घोडी म्हणतात त्याला, आणि ती बहुतेक गॅरेजात कोपऱ्यात पडलेलीही असते. ती कोपऱ्यातच राहते, कारण बाहेर आपण घड्याळ बघत उभे असतो. आता मी गाडी जॅकवर दिसली की विचारतो, "घोडी कुठंय?" एकदा एक पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही आरटीओत होते का?" :)

यंत्रं आली म्हणून घाई गेली असंही नाही. हवेच्या गनने चार नट चार सेकंदांत बसतात आणि कधीकधी इतके आवळले जातात की रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने हलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी कळंबच्या अलीकडे माझा मुलगा भर उन्हात पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहून उड्या मारत होता, तरी नट हलेना. शेवटी एका ट्रकवाल्याने पाइप दिला. सैल नट ही घाईची एक बाजू, हा दुसरी. नट किती आवळायचा हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात आकड्यात दिलेलं असतं, आणि तेवढाच जोर लावणारा पानाही मिळतो. तो वापरायला गनपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच.

आमचे धाकटे काका यवतमाळला एसटीच्या विभागीय कार्यशाळेत होते. ते नट आवळून झाला की त्यावर खडूने आडवी रेघ मारत, नटावरून थेट चाकावर. रेघ नसेल तर नट आवळलेला नाही. मध्ये चहाला उठले, साहेबाने बोलावलं, पाळी बदलली, तरी पुढच्या माणसाला एका नजरेत कळायचं. आणि पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसायची. मी लहानपणी विचारलं होतं, "काका, तुम्हाला आठवत नाही का कुठला आवळला ते?" ते म्हणाले, "मले आठवते. पण मले आठवते, हे त्या गाडीतल्या पन्नास लोकाईले कसं माहीत?"

काकांचं हे उत्तर मला चांगलं आठवत होतं. तरी २००६ च्या त्या संध्याकाळी मी मिस्त्रीच्या डोक्याशी उभा होतोच. इतकंच कशाला, दारव्ह्याच्या कारागिराने निघताना बजावलं होतं, "पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पुन्हा पाना लावा, नवीन बोल्ट बसवले हायेत." दिग्रसला थांबलो का? नाही. सरळ पुसद. मुहूर्त होता ना!

परवा त्या काउंटरवरच्या पोराने गाडी दोन तासांनी दिली. मी त्याला समोर पुन्हा एकदा चारही चाकांना पाना लावायला सांगितला. त्याने लावला. एक नट जरासा फिरला, अगदी पाव फेरा. पोरगा ओशाळला. मी त्याला काही बोललो नाही. खिशात खडू होता, तो त्याला दिला. त्याला तो कशासाठी ते कळलं नाही, मग सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, पुढे वापरेल की नाही ते त्याचं तो जाणे.

जुन्या मिस्त्रीचा पत्ता मी गेल्या महिन्यापासून विचारतोय. शेडच्या मागे राहणारे एक गृहस्थ म्हणाले, पोराकडे गेला असेल, पांढरकवड्याला. तिकडे एक फेरी मारायची आहे. घरच्यांपैकी कुणाला त्याच्याबद्दल काही माहीत असेल तर कळवा. आणि मी त्याच्याविषयी जे सांगत आलो, ते खोटं होतं. मावसभावा, तुला विशेष करून सांगतोय.

हो, आत्याच्या धाकटीला एक सांगायचं राहिलंच. ताई, तुझ्या लग्नाला आम्ही उशिरा पोचलो म्हणून तू अजून टोमणे मारतेस. आम्ही पुसदला पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, हे कबूल. धापा टाकत मांडवात शिरलो, तर मांडव रिकामा. तुझ्या नवरदेवाची वरात अजून बसस्टँडसमोरच्या चौकात नाचत होती.